निवडलेली टोपली

बाबलदादांच्या होडीचं इंजिन त्या सकाळी काही केल्या सुरू होईना. खाडीच्या मुखाशी जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचं काम राहिलं आणि मी रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून परत फिरले. त्यामुळे नेहमीपेक्षा बरीच आधी धक्क्यावर पोचले.

खालच्या पायरीवर द्वारकाकाकी पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढ्यात ओल्या जाळ्याचा ढीग, शेजारी माझी टोपली. माझी म्हणजे मोजमापाची. कडेला निळा रंग लावलेली ती टोपली गावात सगळेच ओळखायचे. काकी त्या टोपलीतून एकेक बारीक मासा उचलत होत्या आणि बाजूला टाकत होत्या. बोटभर शेवटे, चिंगळं, कसलीकसली पिल्लं. टोपली अर्धी रिकामी झाली तशी त्यांनी वर मान करून हाक मारली.

"सुमन, तांबोशी गावली काय गो तुका? आज चेडवाची टोपली असा." चेडू म्हणजे मुलगी; गावात सगळे मला तेच म्हणत.

वरच्या पायरीवरच्या सुमनने आपल्या पाटीत हात घालून चांगली हातभर लांबीची लालसर तांबोशी काढली आणि खाली दिली. तिच्या शेजारच्या बाईने न मागता दोन काळुंदरं दिली. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तितक्या सहज.

"काकी, हे काय करताय?" मी विचारलं.

त्या वळल्या आणि हसल्या. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांच्या तोंडावर काहीही नव्हतं.

"आज लवकर इलंस? थांब वायच, होता तुझी टोपली."

"बारीक मासे का काढलेत?"

"ते कित्याक व्हये? कोंबड्यांका घालूया."

"रोज काढता?"

"रोज खय? तुझी टोपली आसता तेवाच."

"पहिल्यापासून?"

"मगे? तुका काय कचरो देतलंय?"

मी तिथेच पायरीवर बसले. काकींना वाटलं मी गप्पा मारायला बसले. त्यांनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि सुमनच्या लेकीच्या सोयरिकीचं काहीतरी सांगायला लागल्या.

मी मूळची तासगावची. आमच्याकडे द्राक्षबागा, समुद्र बघायला सहलीला जायचं. मत्स्यविज्ञान शिकले आणि पहिलीच नोकरी लागली ती एका संस्थेत. संस्थेने मला मालवणच्या दक्षिणेला खारतळ्याला पाठवलं. तिथल्या खाडीत मासळी कमी झाली होती. गावच्या मच्छीमार सोसायटीने आमच्या संस्थेचं ऐकून खाडीचा एक पट्टा बंद केला होता. खारफुटीला लागून असलेला, पिल्लं वाढतात तो. त्याला गाव 'राखण' म्हणायचं. राखणीत कुणी जाळं टाकायचं नाही, आणि ती कधी उघडायची ते खाडीनेच सांगायचं, असं ठरलं होतं.

खाडी सांगणार कशी, तर खुणांनी. संस्थेतले आमचे पाटणकर सर त्यांना निर्देशक म्हणत, पण गावात 'खुणा' हाच शब्द रुळला. मासळी किती किलो मिळाली एवढ्यावरून खाडीची तब्येत कळत नाही. कोणकोणत्या जातींची मिळाली, त्यात वाढीला लागलेली किती आणि पिल्लं किती, दुसरे मासे खाऊन जगणारी तांबोशी, गोबरा अशी मासळी किती, आणि तिच्या पोटात काय सापडतं, हे सगळं बघावं लागतं. मोठे शिकारी मासे पुन्हा दिसायला लागले, की समजायचं खालची सगळी साखळी सावरते आहे. त्यासाठी दर पंधरवड्याला जाळ्यातून निघेल तशी, न निवडता, एक टोपली भरून घ्यायची. मी प्रत्येक मासा मोजायचे, मोठ्यांची पोटं फाडून तपासायचे, आणि सगळं काकींना परत द्यायचे. टोपलीमागे संस्था ठरावीक पैसे देई.

सुरुवातीला टोपली मी स्वतः भरून घेत होते. मग त्याच वेळेला पाण्याचे नमुनेही आणायला लागले आणि भरतीची वेळ चुकवून चालत नसे. मी काकींच्याच घरी मागच्या खोलीत राहत होते, त्यांच्या मुलाची, अनंतची, होडी होती. मी त्यांना नीट सांगितलं, "काकी, जाळ्यात येईल तसंच भरा. काही निवडू नका." त्या "होय गो" म्हणाल्या. त्यांना त्याचा अर्थ काय वाटला असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

दोन वर्षं झाली. माझे तक्ते वर चढत गेले. मोठी मासळी वाढली, जाती वाढल्या, तांबोशी तर प्रत्येक टोपलीत. एकदा बाबलदादांनी विचारलंही होतं. ते सोसायटीचे चेअरमन, बोलायला कमी.

"टोपलीत दिसता ता आमच्या जाळ्यात दिसत नाय. असा कसा?"

मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं होतं. राखणीतली मासळी बाहेर पसरायला वेळ लागतो, तुमची जाळी अजून कडेलाच आहेत, वगैरे. त्यांनी मान हलवली होती.

मागच्या महिन्यात मी अहवाल वाचला. खुणा चांगल्या आहेत, राखण उघडायला हरकत नाही. गावाने मला शाल आणि नारळ दिला. सरांनी ते तक्ते पुण्याच्या एका परिषदेत दाखवले. स्थानिक वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तो काकींनी देवघराशेजारी चिकटवला. भाषणात मी असंही म्हणाले होते, की आता इथल्या साध्या घरातसुद्धा तांबोशीचं कालवण शिजतं, हीच खाडी सुधारल्याची खूण. टाळ्या पडल्या होत्या. मी हे अनुभवाने म्हणत होते. काकींकडे मी कितीदा तरी तांबोशी जेवले होते.

राखण उघडायची तारीख ठरवायला त्याच दिवशी संध्याकाळी सभा होती.

"मोजतलंस मां?" काकींनी टोपली माझ्यापुढे सरकवली.

"आज नको. हे बाजारात नेऊन विका तुम्ही."

"आता? बाजार उठलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झाला गो? काय चुकला काय?"

"नाही, काही नाही."

कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी टेकडीवर जाऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, किंवा म्हणतील की इतक्यात कुणाला सांगू नकोस, आपण बघू. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे काहीच नाही, विशाखा. सभेत सांगायला तुलाच लागेल. मी आलो तर ते माझं ऐकतील, आणि तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत." मग म्हणाले, "त्या बाईंचं नाव कशाला घेतेस. टोपली आपली होती."

नाव घ्यायचं नाही हे मीही ठरवलंच होतं. दिवसभर मनात वाक्यं जुळवत राहिले. त्यात काकी कुठे येणार नाहीत असं बघत होते.

सातेरी देवीच्या देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. पुरुष मधे, बायका खांबांच्या कडेने. काकी नव्या लुगड्यात, पुढेच बसल्या होत्या. मी बोलणार म्हणून. रमाकांत केळुसकरांनी राखणीत टाकायला नवीन जाळी आणली होती आणि ते ती कशी विणली आहेत ते शेजाऱ्याला सांगत होते.

बाबलदादांनी मला खूण केली. मी उभी राहिले.

"राखण उघडू नका," मी म्हटलं. "मी दिलेला अहवाल चुकीचा आहे."

रमाकांत जाळ्यांचं बोलणं सोडून माझ्याकडे वळले.

"चुकीचो म्हंजे?" रमाकांत म्हणाले.

"मोजलेले मासे सरसकट नव्हते. निवडलेले होते. म्हणून मोठी मासळी वाढल्यासारखी दिसली. खरोखर वाढली की नाही, मला माहीत नाही."

"दोन वर्सां मोजलंस आणि माहीत नाय?"

"नाही."

"मागच्या सभेत तर शाल घेतलंस."

मी म्हटलं, "शाल परत देते." ते इतकं बालिश होतं की म्हटल्या म्हटल्या माझे कान तापले. कुणीतरी मागे हसलं.

बाबलदादा हसले नाहीत. "मासो निवडलो कोणी?"

"चूक माझी आहे. टोपलीची जबाबदारी माझी होती."

"ता विचारूक नाय मी. टोपली भरता कोण?"

"मीच."

दोन वर्षं ज्या बायकांनी दर वेळी पाहिलं होतं की टोपली कोण भरतं, त्यांच्यासमोर मी हे म्हणाले. सुमन पदराचं टोक बघायला लागली. तिच्या शेजारची बाई खांबाकडे बघत होती. मी एका वाक्यात खोटी पडले होते, आणि सगळं गाव कुणाकडे बघायचं ते जाणून होतं.

काकी उभ्या राहिल्या.

"खोटा सांगता ता. टोपली मी भरतंय."

"काकी, बसा," मी म्हटलं.

"कित्याक बसू? मी चोरी करूक नाय." त्या बाबलदादांकडे वळल्या. "चेडू नवीन इला तेवा एकदा माझ्या ओसरेर उभा रवान सायबाशी फोनार बोला होता. सायब तेका वराडा होतो. ह्या म्हणता, सर, मासे लहानच येतात, मी काय करू. आणि फोन ठेवन रडला. खाटलेर बसान रडला. परमुलखातला चेडू, आवस-बापूस लांब. माका वाटला, मासो ल्हान म्हणान हेका बोलणी बसतत. तर मी म्हटलंय, मोठो मासो घालूया. हेच्या कामाक यश येवंदे. सगळ्याच बायलांका सांगलंय मी."

मला तो दिवस आठवला. सर रागावले होते हे खरं होतं. मी नमुन्यांच्या बाटल्यांवर चुकीच्या तारखा घातल्या होत्या म्हणून. माशांचं मी आपलं सारवासारव करायला मधेच काहीतरी बोलले होते.

आधी एकजण हसला, मग दोघे, मग अख्खा मंडप.

"म्हंजे आमची राखण काकीच्या पावणेरार चल्ली होती तर," रमाकांत म्हणाले, आणि पाहुणचाराच्या त्या शब्दाने हसण्याला आणखी जोर आला.

काकीही हसल्या. गावाला आपलं बोलणं आवडलं असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आणि मग हळूहळू त्यांना कळत गेलं. ते कळताना मी त्यांच्याकडे बघत होते. मला नजर काढून घ्यायला हवी होती, पण जमलं नाही.

"माझ्यामुळा ह्या चुकला?" त्यांनी मला विचारलं, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. पण मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं.

"हसता कित्या?" बाबलदादा म्हणाले. "तुमच्या बायलांनीय घातले तेच्यात मासे. माझ्या घरचेय आसतले."

हसणं थांबलं. मग वादावादी झाली. रमाकांत म्हणाले, एका टोपलीच्या भरवशावर दोन वर्षं आम्ही राखणीबाहेर राहिलो, आता आम्ही कुणाचं ऐकायचं? कुणी म्हणालं, उघडाच, मासा असला तर मिळेल, नसला तर नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, नसेल तर आणि पिल्लंही गेली तर मग? शेवटी बाबलदादांनी ठरवून टाकलं. राखण बंदच राहील. टोपली यापुढे जाळं किनाऱ्याला लागताच सोसायटीचे दोघं उभे राहून भरतील, आणि आकडे दर महिन्याला इथेच वाचायचे. रमाकांत सभा संपायच्या आधीच उठून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. खऱ्या टोपल्या मोजल्या तेव्हा निम्म्याहून जास्त पिल्लंच निघाली. तांबोशी कधीतरी एखादी, तीही लहान. सरांनी परिषदेला पत्र लिहून आमचे तक्ते मागे घेतले आणि त्यात चूक आमची असं लिहिलं, गावाचा उल्लेख केला नाही. मला कामावरून काढलं नाही. दर महिन्याला सातेरीच्या मंडपात उभी राहून मी ते आकडे वाचत असे, आणि मी उभी राहिले की कुणीतरी हमखास विचारी, "आज पावणेर नाय मां?" राखण आणखी तीन वर्षं बंद राहिली. ती उघडली तेव्हा माझी बदली रायगडात झाली होती. बाबलदादांनी फोन करून कळवलं की खुणा बऱ्या आहेत. मी खोट्या अहवालात लिहिलं होतं तेवढ्या चांगल्या नव्हत्या, पण खऱ्या होत्या. या सगळ्याला आता अठरा वर्षं होऊन गेली.

पण मला सांगायची आहे ती सभा झाल्यानंतरची गोष्ट.

देवळातून घरी येताना काकी माझ्यापुढे चालत होत्या. नेहमी त्या वाटभर बोलायच्या. मी एकदा "काकी" म्हटलं, तर न वळता म्हणाल्या, "वाटेक दगड आसत, बघान चल."

घरी त्यांच्या सुनेने, रजनीने, पानं मांडली होती. ती सभेला आली नव्हती, तिला काही माहीत नव्हतं. मी भूक नाही म्हणणार होते. पण काकींनी माझा पाट सरकवला आणि मी बसले.

रजनीने कालवण वाढलं. लाल, घट्ट, त्यात मोठा तुकडा. सकाळची तांबोशी. बाजार उठल्यामुळे घरीच राहिलेली.

"आज बरी आख्खी गावली कापूक," रजनी हसत म्हणाली. "नायतर तुमी पोटां फाडून दितास, मगे तुकडे सारके पडणत नाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुमी मोजून दिलेली तांबोशी मां. फाडलेलो मासो बाजारात कोण घेता? तो घराकच इलो. तुमी इलास तेवापासून आमी तांबोशी खातो. नायतर ती आमच्या पानात खयची? ती इकूचीच."

"रजने, गप रव," काकी म्हणाल्या.

रजनीने पळी खाली ठेवली. काय चुकलं ते तिला समजलं नाही. ती एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली.

मी पानाकडे पाहत होते. त्या धक्क्यावरची सगळ्यात महाग मासळी मी दोन वर्षं सुरीने फाडत आले होते. ती विकली गेली असती तर काय काय झालं असतं, ते मी मनात मोजायला लागले आणि थांबले. ती फाडलेली तांबोशी मी इथेच, याच पाटावर बसून खाल्ली होती, आणि तिच्या जोरावर भाषणात खाडी सुधारल्याचं सांगितलं होतं. काकी पुढेच बसून टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी तेव्हाही काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्यांना वाटलं नसेल.

"काकी, मला हे माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुका कसा म्हायत आसतला? तू शिकाक इल्लंस."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"काय सांगूचा होता? जेवणाचा काय कोण सांगता?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लोक माका हसले तेचा काय नाय. पण तुका हसले. तुझा काम वायट झाला मां माझ्यामुळा?"

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. त्यांनी ते मानलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी ते मानलं नसतं.

अनंत आत आला, हात धुऊन पानावर बसला. त्याला सभेचं सगळं कळलं होतं. त्याने कालवण भातात कालवलं आणि जेवायला लागला.

"मीठ बरा असा?" काकींनी मला विचारलं.

"हो."

"मगे जेव मां. थंड होता."

मी जेवले. मान वर न करता, एकेक घास. ताट तसंच ठेवून उठायचं तोंड मला नव्हतं. तुकडा संपला तेव्हा काकींनी पातेल्यातून दुसरा काढला, त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा, आणि माझ्या भातावर ठेवला. मी तोही खाल्ला.